घाटासाठी चार टायर

"यातला एक टायर जुना आहे," रोस्विता म्हणाली.

इग्नात्सने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ती फरशीवर उकिडवी बसून कोऱ्या टायरच्या कडेवरचे चार आकडे बोटाने वाचत होती. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायर याच उन्हाळ्यातले होते. चौथा दोन वर्षांपूर्वीचा.

"अहो फ्राउ केस्लर, गोदामात पडून होता तो. रस्ता पाहिलेला नाही त्याने."

"मग तुमच्या गाडीला लावा."

इग्नात्स हसला आणि चौथा टायर घरंगळत आत घेऊन गेला. सोन्टहोफेनमध्ये टायर बदलण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. ऑक्टोबर उजाडला की लोक हिवाळी टायरसाठी चावी टाकून कॉफी प्यायला जात. टायर वाचणारं गिऱ्हाईक विरळाच.

वाचण्याचं कारण बाहेर उभं होतं. नवऱ्याची, फोल्कमारची काळी, दोन दारांची, तीनशे चाळीस घोड्यांच्या ताकदीची गाडी. मागच्या जानेवारीत घाटातल्या एका वळणावर ती आडवी झाली आणि कठड्याला घासत थांबली. रोस्विता शेजारी बसली होती. फोल्कमार हसला होता. पत्रा घासल्याचा तो आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता. आणि यंदा तोच घाट रोजचा होणार होता. घर आता सरहद्दीपलीकडे, टिरोलमध्ये, नोकरी मात्र इकडेच. शंभरावर वळणं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या वळणांवरून गाडी रोज धड पोचली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

"मागच्या हिवाळ्यातले टायर चालले असते की अजून," नवा चौथा आणत इग्नात्स म्हणाला.

"साडेतीन मिलिमीटर नक्षी उरलीय. आपल्याकडे चालेल. पलीकडे चारच्या खाली त्याला हिवाळी टायर म्हणतच नाहीत."

"पाठ करून आलात!"

"हो."

फोल्कमारने चिठ्ठी लिहून दिली होती. रुंद, एकोणीस इंची, कडेवर शेवटचं अक्षर डब्ल्यू. म्हणजे ताशी दोनशे सत्तरपर्यंत चालणारा. रोस्विताने ती इग्नात्सला दाखवलीच नाही. तिला अरुंद टायर हवे होते, आणि अक्षर एच. दोनशे दहाच्या पुढे नाही.

"हे अठरा इंची. सतरा इंची नसते बसले?"

"नाही हो. ब्रेक केवढे आहेत बघा, चाक फिरणारच नाही. म्हणूनच अठरा काढले. बर्फात अरुंद टायर बरा, खाली चावतो. आणि अक्षराआधीचा हा आकडा वजनाचा, एका चाकाने किती पेलायचं त्याचा. सामान किती असणार?"

"दोन माणसं. थोड्या बॅगा."

"मग भरपूर झालं. नवं घर कसं आहे?"

"ऊन चांगलं येतं म्हणे."

"बागेची हौस भागेल तुमची."

"बाग आहे खरी," रोस्विता म्हणाली आणि टायरच्या कडेवर डोंगर आणि हिमफुलाचं, हिवाळी टायरचं चिन्ह ठळक आहे ना, ते पाहू लागली.

फोन वाजला.

"काय घेतलंस?" फोल्कमार.

"एच."

"एच? ते म्हाताऱ्यांच्या गाड्यांना लावतात!"

"घाटात दोनशे दहाने जाणार आहेस?"

"प्रश्न तो नाहीये."

"तोच आहे."

"बरं. तू बघ. तुला कळतं त्यातलं."

चोवीस वर्षांच्या संसारात हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. फोन बंद झाल्यावरही तिने तो कानापासून लगेच काढला नाही.

चाकं चढली. इग्नात्सने खणातून दोनशे दहाचा स्टिकर बाहेर काढला. गाडी टायरपेक्षा वेगाने पळू शकत असेल, तर चालकाच्या डोळ्यासमोर तो लावावाच लागतो.

"साहेब सोमवारपर्यंत खरवडून काढतील," तो म्हणाला.

रोस्विताने स्पिरिटचा बोळा मागून घेतला आणि स्टिकर चिकटवायची जागा तीनदा पुसली.

"पुसा, पुसा. पण खरं सांगू? शेजारी तुम्ही असलात की स्टिकर कशाला लागतो!"

तिने चौथ्यांदा पुसलं.

"आणि एक. कोऱ्या टायरची वरची चकाकी गेल्याशिवाय पकड येत नाही. शंभरेक किलोमीटर बेताने चालवायला सांगा. पन्नास झाले की बोल्ट आवळायला या."

बेताने हा शब्द फोल्कमारला सांगून उपयोग नव्हता. शनिवारी ती एकटीच गाडी घेऊन निघाली. सरळ रस्त्याने, ट्रॅक्टरच्या मागे, पन्नास किलोमीटर. परत येऊन तिने बोल्ट आवळून घेतले. मग आणखी पन्नास. एका ओल्या उतारावर तिने मुद्दाम करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा ती हलली.

रविवारी सकाळी पहिला बर्फ पडला, बोटभर. फोल्कमारने मागे बॅगा कोंबल्या. रोस्विताने काचांवरचा बर्फ झाडला, चारही चाकांतली हवा पुन्हा मोजली.

"झालं का गं? दुपारी वर गर्दी होते."

"झालं."

त्याने इंजिन सुरू केलं. रोस्विता वळसा घालून दुसऱ्या दाराशी आली. आतून काच खाली गेली.

"उतारावर त्याने वेग घेतला ना, तर ओरडायचं नाही," आपल्या नेहमीच्या जागेवर पट्टा लावून बसलेल्या त्या बाईला ती म्हणाली. "नुसतं खोकायचं. तो आपोआप पाय काढतो."