द्वारकीचं घर

भिकाजी चितारी वेंगुर्ल्याकडचा गाव सोडून मुंबईला आला, त्याला बारा वर्षं झाली होती. गिरगावातल्या खोलीत तो नाटक कंपन्यांचे पडदे रंगवी. गेल्या साली प्लेगात बायको गेली. तेव्हापासून तो फक्त आपला गावच काढत बसे, आणि काढताना त्याला काहीच वाटत नसे.

त्या दुपारी गावची द्वारकी भेटायला आली. कालच्याच बोटीनं ती नवऱ्याकडे, परळला आली होती. गावाचा पडदा बघून ती हसली.

"भावजी, देवळाकडचो वड दिवाळीत पडलो, तां तुमका कोणी सांगल्यान?"

कोणीच सांगितलं नव्हतं. हाताला आला तसा त्यानं आडवा वड रंगवला होता.

चित्रात वेशीवर देवचार उभा होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. भिकाजीची आई सांगायची, देवचार गाव राखतो. पण ज्या घराकडे तो पाठ फिरवील, ते घर उरत नाही.

"आनी आमचा घर खंय?" द्वारकीनं विचारलं.

देवचाराच्या पाठीमागे नुसतं गवत होतं.

"राहून गेलं असेल," म्हणत भिकाजीनं तिथं घर काढलं. बघता बघता लाल कौलं हिरवी पडली. पुन्हा काढलं, तेही गवतात विरलं. त्याला नवलसुद्धा वाटलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं कुंचला उचलला, तेव्हा द्वारकीनं त्याचा हात धरला.

"रवा, भावजी." ती वाकून गवताकडे बघत होती. "पोरांका मी सासूकडे घरात ठेवन इलंय. पोरां हंय भायर कित्याक बसली?"

गवतात भिकाजीनं कोणालाच काढलं नव्हतं.