पावलांचं माप

आमच्या नातीचं, धम्मप्रियाचं, लग्न झालं त्या वर्षी मालकांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, टाचा फार दुखायला लागल्या. बुटात घालायच्या गादीचं माप द्यायला आम्ही दोघं सोलापूरला गेलो.

दुकानातल्या बाईने मऊ फोमचा खोका पुढे ठेवला. पाय दिला की त्यात ठसा राहतो.

मालक उभे राहिले, उतरले. फोम सपाटच होता.

"आजोबा, वजन टाका की!"

"पोती उचलून जल्म गेला माझा, वजन काय सांगता?"

ते पुन्हा चढले. काहीच उमटलं नाही. मी हाताचं बोट टेकवलं, ते खोल रुतलं.

मालकांनी माझा हात घट्ट धरला. "मनकर्णे, मी हाय न्हवं हितं?"

"हाय की," मी म्हणाले.

माझे मालक धोंडिराम तिसऱ्या दिवशी, २२ मार्च २०२४ ला, सकाळी वारले.