तव्यावरची अक्षरं
भाकरीची कड करपली की मला अजून चौऱ्याण्णव सालची माझी पहिलीची शाळा आठवते. शाळेत बाईंनी शिकवलेलं अक्षर मी चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून दाखवायची. आई ते बघून ज्वारीच्या मळलेल्या पिठाची लांबट वळी त्याच आकारात वळायची आणि तव्याच्या कडेला भाजायची. "आधी त्येचा आवाज सांग, मगच खा." मग एकेक आवाज बाईंसारखा पटपट जोडला, की ताटलीत शब्द तयार व्हायचा: घर, गवत, नगर. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं. फाट्यावर एसटी आली की ती कुणालातरी विचारायची. माझी शाळा सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, तिच्या आईच्या मातीला नगरला निघालो, तेव्हा कुणीतरी चुकीचं सांगितलं आणि आम्ही जामखेडच्या गाडीत चढलो. कंडक्टरनं पुढच्या गावात उतरवलं, पण तोवर नगरची गाडी निघून गेली होती. माती हुकली. पुढं दिवाळीत आम्ही परत फाट्यावर उभ्या होतो. गाडी दिसली, मी बोर्ड वाचायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात दाबला. तिच्या मोकळ्या हाताची बोटं पिठाची वळी वळावी तशी हलत होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुठली गं बाई ही गाडी?" आई म्हणाली, "नगरची हाय. चढा, मावशी." आत बसल्यावर मी विचारलं, "आये, तुला वाचाया येतं व्हय?" आईनं पदरानं कपाळ पुसलं. "कुठलं येतंय! पर ही तिन्ही अक्षरं म्या भाजल्यात."