दुखण्याची वाटणी

तक्रार आली म्हणून एकाची वेदना दुसऱ्यांच्या देहात वाटून देणाऱ्या नेटवर्कची तंत्रज्ञ मृदुला दिघ्यांच्या घरी पोहोचली, तर अख्खं घर विव्हळत होतं. पलंगावर कॅन्सरनं पोखरलेले आप्पा आणि भोवती पोट धरून बसलेले त्यांचे तिघे मुलगे.

"आप्पांच्या वेदना आम्ही तिघं वाटून घेतोय, तरी त्यांना तसूभरही आराम नाही," थोरला उदय कण्हत म्हणाला. "तुमचा राउटरच भिकार आहे."

मृदुलानं केबल तपासल्या, सेटिंग उघडलं. तिन्ही मुलांच्या लाइन बंद दिसत होत्या. पण मुलं तर समोर कळवळत होती. म्हणजे स्क्रीनच चुकीचं दाखवत असणार. अशा वेळी सगळे करतात तेच तिनं केलं, पुन्हा चालू करायचा म्हणून राउटर आधी बंद केला. त्याचे सगळे दिवे विझले. आता आप्पांची वेदना त्यांच्या देहाबाहेर जाणं शक्यच नव्हतं.

मुलगे कण्हतच राहिले.

आप्पांनी विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं, मग एकेका मुलाच्या पिळवटलेल्या चेहऱ्याकडे. मृदुलाचा हात घाईघाईनं बटणाकडे गेला.

"राहू द्या, ताई," आप्पा दात आवळून म्हणाले. "बंदच असू दे. पोरं दमलीत."