फुग्याची सावली

वेबसाइट बनवता बनवता तिच्या नाकी नऊ आले होते. स्क्रीनवरचा फुगा वर जाताना सारखा गचके खात होता. त्यात मागे बसलेले बाबा काळा चष्मा कपाळावर चढवून तिसऱ्यांदा विचारत होते, "अडखळतोय ना गं? तुलाही तसाच दिसतोय?"

"दिसतोय हो बाबा! फुग्याला मी धूसर सावली दिलीय. ती पुन्हा पुन्हा रंगवताना ब्राउझरला धाप लागतेय."

"म्हणजे चूक नक्की तुझीच ना?"

"माझीच!" तिने चिडून कोडमधली सावलीची ओळ उडवली. फुगा अलगद वर तरंगत गेला.

बाबांनी भला मोठा सुस्कारा सोडला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, ऐकलंस का? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालंय!"