सोमवारचं तेल

मुद्देमालाच्या खोलीतून हवालदारानं हलगी दोन्ही हातांवर धरून आणली, पाळण्यातलं लेकरू आणावं तशी. जत्रेतल्या मारामारीत ती जप्त झाली होती आणि खटला मिटायला सहा वर्षं लागली. बापाची हलगी आता उंदरांनी कुरतडली असणार, असं धरूनच केराप्पा ठाण्यात आला होता. चार शिव्या जिभेवर तयारच होत्या.

हलगी मात्र आरशासारखी चमकत होती.

"दर सोमवारी तेल लावलंय," हवालदार म्हणाला. "माझ्या पट्ट्याला लावतो तेच. चामडं ते चामडंच की."

केराप्पानं कातड्यावर बोट दाबून पाहिलं. तेल प्यालेलं कातडं जाळावर कितीही शेकलं तरी पुन्हा ताणलं जात नाही. त्यानं टिपरू काढून हळूच मारून पाहिलं. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज आला.

हवालदाराचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

जिभेवरच्या शिव्या केराप्पानं गिळल्या. एवढं तर घरात कुणी जपलं नसतं.

"नाही, साहेब. गार पडलीय जरा."

त्यानं हलगी खांद्याला अडकवली आणि कातड्याला न शिवता नुसत्या लोखंडी कड्यावर टिपरू चालवलं. खणखणीत ठेका आवारभर घुमला. हवालदाराचा बूट आपोआप ताल धरू लागला.

"बोलली की," तो म्हणाला, आणि आतून तेलाची बाटली घेऊन आला. "ही पण न्या. सोमवार चुकवू नका."

केराप्पानं बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.