बांधाकडच्या दोन ओळी

दंडाला पट्टा आवळला तसा शालिग्रामनं श्वासच धरला. रूपाली सिस्टर म्हणाली, काका, श्वास सोडा, नाहीतर आकडा खोटा येईल. शेजारच्या बाकावर त्याची बायको चंदाबाई डोळे मिटून जप करत होती.

दोघांनाही बीपीची एकच गोळी, एकाच ताकदीची. महिन्यामागं धनजच्या याच दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेनेरिक घ्या; औषध तेच, फक्त मोठ्या कंपनीचं नाव नाही. शालिग्रामला ते पटेना. नवं बियाणं आधी बांधाकडच्या दोन ओळींत पेरायचं, साधलं तरच पुढच्या साली साऱ्या वावरात, ही त्याची रीत. म्हणून महिनाभर जेनेरिक त्यानं खायची आणि चंदाबाईनं कंपनीचीच, असं त्यानं ठरवून टाकलं. बुडालं तर बांधाकडचं बुडेल, म्हणाला. त्या दिवशी चंदाबाई जेवली नाही.

त्याचा आकडा चांगला आला. मग तिचा घेतला. तोही चांगला.

"काका, तुमची जेनेरिक पास झाली," सिस्टर म्हणाली.

"त्यायनं खाल्लीच नाई," चंदाबाई हळूच म्हणाली. "खोटं बोलवत नाई, सिस्टर. सकाळी देवापुढं दोन वाट्यायत गोळ्या ठेवतो आमी. त्यायच्या वाटीत मी कंपनीची ठेवत होती, माह्या वाटीत दुसरी. दिसाले दोनी पांढऱ्याच."

आता काका तडकणार, असं सिस्टरला वाटलं. पण शालिग्राम टोपी काढून तिच्या आत पाहत बसला होता.

"म्या पह्यल्याच दिवशी पाह्यलं," तो म्हणाला. "आरती झाली का ही डोये मिटून हात जोडते. तवा मी दोनी वाट्यायतल्या गोळ्या परत अदलून ठेवत होतो."

चंदाबाई गर्रकन त्याच्याकडं वळली. "देवापुढं लबाडी केली तुमी?"

"अन् तू काय केलं?"

तिनं पदर तोंडाशी धरला. हसू दाबताना खांदे तेवढे हलत होते.

लिहायच्या आधी खात्री करावी म्हणून सिस्टरनं शालिग्रामच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. चंदाबाई पदराआडून त्याच्याकडं पाहत होती. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. कान लाल झाले होते.

आकडा बराच वर गेला.

सिस्टरनं पट्टा सोडला. "हा लिहीत नाही मी," ती म्हणाली. "काकू, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. मग मोजते."